दारावरचा माणूस आणि आतला मालक

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १६:१९–४०, याकोब २:१–९

नाताळ व वर्षअखेर यांच्या मधल्या आठवड्यात आपल्या मंडळ्यांतील तरुण आता पूर्वीपेक्षा अधिक बाहेर पडतात. सकाळची उपासना होते, घरचे जेवण होते, नातेवाइकांकडे करंज्या-चकल्यांची ताटे पोहोचतात, आणि संध्याकाळी चार मित्र मिळून एखाद्या हॉटेलात जेवावयास व गाणे ऐकावयास जातात. यात काही वावगे आहे असे आम्हांस वाटत नाही. काही वडीलधाऱ्यांना वाटते, परंतु तो वाद आज नको. हे तरुण त्या हॉटेलाच्या दारावरूनच अपमान होऊन परत आले तर त्यांनी काय करावे, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

प्रश्न आम्ही कल्पनेने काढलेला नाही. आमच्या बेळगाव भागातील चौघे तरुण, चौघेही उद्यमबागेतील कारखान्यांत काम करणारे, यांनी नाताळच्या रात्रीच्या जेवणाचे पास आठ दिवस आधी प्रत्येकी दीड हजार रुपये भरून घेतले होते. इस्त्रीचे कपडे घालून ते दाराशी गेले. दारावरच्या बाउन्सरने प्रथम त्यांच्या पायांकडे पाहिले. एकाच्या पायांत चपला होत्या. मग तो म्हणाला, आज फक्त जोडप्यांना प्रवेश आहे. पासावर तसा एक शब्दही छापलेला नव्हता. हे बोलणे चालू असतानाच मागे एक मोठी गाडी थांबली, तिच्यातून तीन तरुण उतरले आणि बरोबर एकही स्त्री नसताना हसत आत गेले. आपल्या चौघांपैकी एकाने विचारले, "त्यांना कसे सोडले?" उत्तरादाखल त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकलण्यात आले, आणि रांगेतील सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगण्यात आले की ही जागा तुमच्यासारख्यांसाठी नाही. दुसऱ्याने बाउन्सरची कॉलर धरली. बाकीच्यांनी त्याला ओढून बाजूला नेले म्हणून प्रकरण पोलिसांपर्यंत गेले नाही. त्या रात्री चौघांनी बस स्टँडजवळच्या गाड्यावर भुर्जी-पाव खाल्ला.

पुढल्या रविवारी तरुण संघाच्या सभेत त्यांतील सर्वांत धाकट्याने विचारले, "पैसे भरून पाहुणे म्हणून गेलो आणि चोरासारखे परत आलो. ख्रिस्ती माणसाने यावर गप्पच बसायचे काय?"

सभेत दोन उत्तरे आली. एक वडील म्हणाले, अशा ठिकाणी जाताच कशाला? दुसरे म्हणाले, प्रभूने दुसरा गाल पुढे करावयास सांगितले आहे. पहिले उत्तर तर उत्तरच नव्हे. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच तू तेथे का होतास असे विचारणे ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. दुसरे उत्तर मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. मत्तय ५:३९ मध्ये प्रभूने सूड घेण्यास मनाई केली आहे, हे खरे. पण तोच प्रभू महायाजकाच्या वाड्यात उभा असताना जवळच्या एका शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा त्याने काय केले ते योहान १८:२२–२३ मध्ये वाचावे. त्याने हात उचलला नाही. परंतु तो गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, अशा अर्थाचा सरळ प्रश्न त्याने त्या शिपायास विचारला. म्हणजे सूड न घेणे ही एक गोष्ट आहे आणि अन्यायाला अन्याय न म्हणणे ही अगदी दुसरी. (त्याच अध्यायात एक द्वारपालिकाही आहे. पेत्र बाहेर दाराशी अडकला होता आणि दुसऱ्या शिष्याची महायाजकाच्या घरी ओळख असल्यामुळे त्याला आत घेतले गेले. ओळखीवर दार उघडणे आजचे नाही!)

आता, असा अपमान केवळ आपल्याच तरुणांच्या वाट्याला येतो असे कोणी समजू नये. मुंबईचा विलिंग्डन क्लब पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात निघाला, तो गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता म्हणून. त्याच क्लबाने १९८८ साली चित्रकार म. फि. हुसेन यांना पायांत जोडे नाहीत म्हणून परत पाठवले. जुलै २०१४ मध्ये चेन्नईत चेपॉक येथील क्रिकेट संघटनेच्या क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांना धोतर नेसल्यामुळे प्रवेश नाकारला गेला. जानेवारी २०१५ मध्ये पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर एका तरुणीने रस्त्यावरच्या एका मुलाला पेय घेऊन देण्यासाठी एका परदेशी नावाच्या उपाहारगृहात नेले, तर तेथील कर्मचाऱ्याने त्या मुलाला बाहेर काढले. आणि जुलै २०२४ मध्ये हावेरी जिल्ह्यातील एक वृद्ध शेतकरी मुलासोबत बंगळूरच्या एका मॉलमध्ये सिनेमा पाहण्यास गेला. खिशात तिकीट होते, अंगावर धोतर होते. त्याला दारावरच थांबवण्यात आले. हावेरी आमच्या भागापासून फार दूर नाही, आणि आमच्या कित्येकांचे आजोबा अगदी तसेच धोतर नेसत असत.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे, ती ध्यानात घ्यावी. दारावर जो "नाही" म्हणाला, त्याने तो नियम केलेला नव्हता. न्यायाधीशांना धोतरासाठी अडवणाऱ्या माणसाच्या घरी बहुधा धोतर वाळत असेल. ज्या सुरक्षारक्षकाने शेतकऱ्याला अडवले तोही एखाद्या शेतकऱ्याचाच मुलगा असू शकेल. नियम आत, थंड खोलीत होतो आणि तो बोलण्याचे काम दारावरच्या गरिबाला दिले जाते. नंतर गवगवा झाला की तो गरीबच बळी जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळूरच्या मेट्रो स्थानकावर मळलेल्या कपड्यांमुळे एका शेतकऱ्याला अडवले गेले, तेव्हा लोक खवळले आणि सुरक्षा पर्यवेक्षकाची नोकरी गेली. त्याला तसे करावयास कोणी शिकवले, ही विचारपूस फारशी झाली नाही. मॉलच्या प्रकरणात मात्र कर्नाटक सरकारने मॉलच सात दिवस बंद ठेवण्याचे जाहीर केले. आमच्या मते हे अधिक योग्य दाराशी जाणे झाले.

आता फिलिप्पैकडे वळू. पौल व सीला यांना भर चौकात, चौकशीवाचून, फटके मारून तुरुंगात टाकले होते. मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली, आणि कैदी पळाले असे समजून तुरुंगाचा अधिकारी तलवार उपसून स्वतःचा जीव घेण्याच्या बेतात होता. याच माणसाने काही तासांपूर्वी त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते. पौलाला त्याच्यावर राग काढण्याची याहून चांगली संधी कोणती? पण पौलाने मोठ्याने ओरडून त्याला थांबवले. पहाट होण्यापूर्वी तोच अधिकारी त्यांच्या जखमा धूत होता व त्यांना आपल्या घरी जेवू घालत होता.

येथपर्यंतची गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ आहे. पुढची सहा वचने मात्र आपण सहसा वाचत नाही. सकाळी नगराच्या अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवून त्यांना गुपचूप सोडून देण्यास सांगितले. पौल ऐकेना! आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हांला न्यायाशिवाय उघड्यावर मारले आणि आता चोरून घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरला. अधिकारी घाबरले, आले, त्यांनी विनवणी केली आणि त्यांना बाहेर नेले. मग पौल लुदियेच्या घरी गेला, बंधुजनांना धीर दिला, आणि निघून गेला.

ज्याने हाताने खोडा घातला त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याशी पौल ममतेने वागला. ज्यांनी हुकूम दिला त्या नगराधिकाऱ्यांशी तो ताठ राहिला. हा भेद सहज निसटतो. आपले बहुतेक लोक याच्या नेमके उलट करतात. वॉचमनवर आवाज चढवतात आणि मॅनेजर बाहेर आला की मवाळ होतात. शिवाय पौलाला यात स्वतःसाठी काय मिळणार होते? तो तर त्याच दिवशी गाव सोडणार होता. मागे राहणार होती लुदियेच्या घरी जमणारी नवी, लहान मंडळी. "ज्यांच्या गुरूंना फटके मारून हाकलले ते हे लोक" असा डाग तिच्यावर राहू नये, हा त्याचा हेतू असावा असे आम्हांस वाटते. तक्रार करणारा कधी कधी आपल्या नंतर त्या दाराशी येणाऱ्यासाठी तक्रार करीत असतो.

तेव्हा तरुण संघाला आम्ही जे सांगितले ते असे. दाराशी हात उचलू नये. कॉलर धरण्याने अपमान धुतला जात नाही, फक्त आपली बाजू कच्ची होते. त्या माणसाला शांतपणे विचारावे की हा नियम कोठे लिहिला आहे, आणि मॅनेजरला बोलवावे. पास, पैसे भरल्याची पावती, वेळ आणि शब्द नीट जपून ठेवावेत, शक्य तर रांगेतील एखाद्या साक्षीदाराचे नाव घ्यावे. मग घरी जाऊन व्यवस्थापनाला पत्र लिहावे. सेवा देण्याचे पैसे घेऊन सेवा नाकारणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा विषय होऊ शकतो. या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, त्यासाठी दुसऱ्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात फी पडत नाही. १९१५ हा ग्राहकांच्या मदतीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

"प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे" अशी पाटी पुष्कळ ठिकाणी असते, आणि ती पाहून माणसे आपोआप मागे फिरतात. पण ती पाटी देशाच्या घटनेपेक्षा मोठी नव्हे. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाप्रमाणे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीच्या जागा येथे मज्जाव करता येत नाही. या यादीत पोशाख नाही, चप्पल नाही, खिशाचे वजनही नाही. म्हणूनच तमिळनाडूला ऑगस्ट २०१४ मध्ये धोतराकरिता वेगळा कायदा करावा लागला. त्यात असा प्रवेश नाकारणाऱ्या क्लबाचा परवाना काढून घेण्याची आणि कैदेचीही तरतूद आहे. आपल्याकडे तसा कायदा नसल्याने चपलेचा वाद पाटीवर काय छापले होते आणि पासावर काय छापले नव्हते, यावरच लढवावा लागेल.

एक बाजू येथे सांगितली नाही तर आम्ही एकांगी ठरू. दारावर मोजून माणसे आत सोडणे हे आवश्यक काम आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईत कमला मिल्सच्या आवारातील आगीत १४ माणसे गेली. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील नाइटक्लबला आग लागून २५ जण दगावले, आणि त्यांत बहुतेक तेथलेच कामगार होते. सणाच्या गर्दीत "जागा भरली, आता कोणाला सोडता येत नाही" असे सांगणारा रक्षक आपले काम करीत आहे आणि त्याचे ऐकले पाहिजे. फक्त भरलेली जागा गाडीतून आलेल्यांसाठीही भरलेलीच असावी.

आपल्या चौघांनी पत्र लिहिले. दोन आठवड्यांनी पासाचे पैसे परत आले. दिलगिरीचा शब्द आला नाही, तेव्हा दुसरे पत्र गेले आहे. ज्याने कॉलर धरली होती तो मुलगा मात्र स्वतःच्या मनाने एक दिवस दुपारी त्या बाउन्सरला भेटण्यास गेला. तो गोकाककडच्या एका शेतमजुराचा मुलगा निघाला. एका एजन्सीमार्फत तेथे उभा होता, बारा बारा तास. नाताळच्या रात्री त्याला जेवण मिळाले ते दीड वाजता, उरलेले. कोणाला सोडायचे नाही याची यादी त्याला संध्याकाळी तोंडी सांगितली होती, आणि चपलेचा मुद्दा त्या यादीत होता. "छातीवर हात ठेवला तो माझा," असे तो म्हणाला, "त्याबद्दल माफ कर." खासगी सुरक्षा एजन्सींबाबत २००५ चा कायदा आहे. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे रक्षकाला शंभर तास वर्गातले व साठ तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण द्यावयाचे असते, आणि लोकांशी कसे वागावे हाही त्यातला एक विषय आहे. त्या मुलाला एजन्सीने गणवेश दिला होता व उभे राहण्याची जागा दाखवली होती. याहून अधिक शिक्षण झाले नव्हते.

आता याकोबाच्या पत्राकडे येऊ. हा शास्त्रभाग आपण इतक्यांदा ऐकला आहे की त्याची धार बोथट झाली आहे. सभेत एक माणूस बोटात सोन्याची अंगठी व अंगात भपकेदार वस्त्रे घालून येतो, दुसरा मळक्या वस्त्रांत येतो. एकाला मानाची जागा मिळते, दुसऱ्याला उभे राहा किंवा पायांपाशी बस असे सांगण्यात येते. वाचताना आपण आपोआप त्या गरिबाच्या बाजूला जाऊन उभे राहतो व हळहळतो. याकोब मात्र त्या गरिबाला उद्देशून एक अक्षरही लिहीत नाही. तो लिहितो जागा दाखवणाऱ्यांना. हा भाग दारावरच्या माणसांना लिहिलेला आहे, आणि ती माणसे विश्वासणारी आहेत.

नाताळच्या प्रीतिभोजनाच्या वेळी आपल्या फाटकावर छातीला फीत लावून कोण उभे असते? आपलेच स्वयंसेवक. कुपन नसलेल्या विधवेला "कार्यालयात विचारा" असे सांगतात, आणि बाहेरगावच्या साहेबांची गाडी दिसली की कुपनाची आठवण कोणालाच राहत नाही. पुढच्या दोन ओळी राखीव असतात. त्या कोणासाठी, हे कोठे लिहिलेले नसते, पण प्रत्येकाला ठाऊक असते. स्वयंसेवक तरुण असतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनाही यादी तोंडीच मिळालेली असते, आणि ती देणारे आपल्या पंचांतले असतात.

बडोद्याच्या वाचकांना पुढील हकीकत आपल्या गावची म्हणून विशेष लागेल. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास आले. अस्पृश्य म्हणून कोणतेही हिंदू हॉटेल त्यांना घेईना. ते एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि त्यांना संध्याकाळच्या आत निघण्यास सांगितले. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की त्यानंतर ते दोन मित्रांकडे जागा मागण्यास गेले. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. ख्रिस्ती मित्राने सांगितले की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते, नवरा विचाराने मोकळा झाला होता, पत्नी मात्र जुन्याच रीतीची राहिली होती, हे त्यांना मागाहून कळले. मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. त्या दिवशी काठी घेऊन कोणी ख्रिस्ती दारात उभा नव्हता. फक्त सभ्य शब्दांत एक दार उघडले गेले नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी दोन सूचना. नाताळच्या नाटकात आपण एका मुलाला पागोटे बांधून धर्मशाळेचा मालक करतो, आणि तो योसेफ व मरीयेला "जागा नाही" म्हणून दारावरून घालवतो. लूक २:७ मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि त्यांना तो मालक शोधावयास सांगा. तो तेथे नाही. जागा नव्हती एवढेच लूक सांगतो. मूळ ग्रीक शब्दही पाहुण्यांच्या खोलीचा आहे. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी लूक २२:११ मध्ये तोच शब्द येतो, आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील उतारशाळेसाठी लूक वेगळा शब्द वापरतो. शास्त्रात नसलेला द्वारपाळ आपण कोठून आणला, आणि तो प्रत्येक वर्षी रागीटच का असतो, यावर मुलांना बोलू द्यावे. बारा वर्षांवरील वर्गात ही चर्चा चांगली रंगते.

दुसरी सूचना मोठ्या वर्गासाठी. १ इतिहास ९:१७–२७ वाचून घ्यावे. परमेश्वराच्या मंदिराचे द्वारपाळ वंशावार नावे घेऊन तेथे नोंदले आहेत, त्यांच्या पाळ्या व त्यांची राहण्याची जागाही सांगितली आहे. त्यांत कोरहाच्या वंशजांचे नाव आहे. स्तोत्र ८४ त्याच कोरहाच्या मुलांच्या नावावर आहे, आणि देवाच्या घराच्या उंबरठ्याशी उभे राहण्याची आवड त्यात सांगितली आहे. ते वाचल्यावर वर्गाने आपल्या मंडळीच्या आवारातील रखवालदाराचे नाव, त्याचे गाव आणि त्याच्या कामाचे तास वहीत लिहावेत. नाव ठाऊक नसेल तर वर्ग सुटल्यावर फाटकाशी जाऊन विचारून यावे, आणि नाताळच्या जेवणाचे त्याचे ताट किती वाजता जाते हेही त्यालाच विचारावे.